प्रवेशअर्जातील निबंध : काही विचार
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गुणवंतांचा सत्कार आटोपल्यावर आणि अल्पोपाहाराची वेळ जवळ आल्यावर भाषण लांबविणे हा श्रोत्यांवर अन्याय होय, हे आम्ही जाणतो. तथापि शिक्षण समितीने आमच्याकडे सोपविलेला विषय आज आपल्यातील अनेक घरांत चिंतेचा होऊन बसला आहे. आपली मुलेमुली व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी अर्ज करू लागली आहेत. परीक्षेची त्यांना धास्ती नाही. त्यांचे पाऊल अडखळते ते अर्जासोबत मागितलेल्या निबंधापाशी.

कारण उघड आहे. 1961 साली कलकत्ता व अहमदाबाद येथे आपल्या व्यवस्थापन संस्था निघाल्या. त्यांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली चाळणी ‘कॅट’ ही परीक्षा करते. परीक्षेने निवडले जाण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. 1908 साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवसायविद्यालयाची रीत निराळी. जीमॅट अथवा जीआरईचे गुण तेथेही लागतात. परंतु गुणांनी पात्र ठरणारे अर्जदार जागांपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे, हा मनुष्य वर्गात बसून इतरांना काय देईल, हे पाहावे लागते. तेथील अध्यापन प्रत्यक्ष घडलेल्या व्यावसायिक प्रसंगांच्या चर्चेवर चालते. मौन धरणारा विद्यार्थी तेथे स्वतःचे नुकसान करतोच, पण सोबत्यांचेही करतो.

प्रश्न दिसावयास सोपे असतात. हार्वर्डने 2024 साली एका मोकळ्या प्रश्नाऐवजी तीन छोटे प्रश्न ठेवले : व्यवसायाकडे आपण कसे वळलात, इतरांसाठी आपण काय केलेत, आणि आपली जिज्ञासा कशी वाढली. पहिल्यास 300 शब्द, पुढील दोहोंस प्रत्येकी 250. स्टॅनफर्ड विचारते की आपल्याला सर्वांत मोलाचे काय वाटते, आणि का. फ्रान्समधील इन्सियाडने अनेक वर्षे यशाबरोबर अपयशाचाही वृत्तांत मागितला. आणि निबंधासाठी समुद्र ओलांडावयास हवा असेही नाही. 2001 साली पहिला वर्ग भरविणारी हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेसही निबंध मागते.

आता आपल्या घरांतील खरी अडचण. आत्मस्तुती करणाऱ्यास समर्थांनी दासबोधात मूर्खांच्या मालिकेत बसविले आणि तो संस्कार आपल्या अंगी मुरला. त्यामुळे आपला मुलगा लिहू लागला की दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर सारे ‘आमच्या चमूने केले’ असे लिहून स्वतः अदृश्य होतो; नाही तर कोठून तरी उचललेली विशेषणे अंगावर चढवितो. (आम्हीही येथे ‘आम्ही’ म्हणत आहोत, पण ती सभेची रीत झाली, अर्जात तिला थारा नाही.) वास्तविक, मी अमुक केले असे सांगणे म्हणजे स्तुती नव्हे, ती साक्ष होय. साक्षीदाराने आपण पाहिले, केले तेवढेच सांगावयाचे असते. अधिक नाही, तसे कमीही नाही.

एक उदाहरण देतो. चाकणजवळच्या एका कारखान्यातील आपल्यापैकी एक तरुण अभियंता मसुदा घेऊन आला होता. त्यात ‘बालपणापासून मला नेतृत्वाची आवड’ असा आरंभ होता आणि शेवटपर्यंत एकही यंत्र, एकही माणूस नव्हता. आम्ही विचारले, ‘कारखान्यात तुम्हाला झोप लागली नाही असे कधी झाले?’ तेव्हा हकीकत निघाली. रात्रपाळीत नाकारल्या जाणाऱ्या सुट्या भागांचे प्रमाण वाढले होते आणि वरिष्ठांनी दोष कामगारांवर ठेवला होता. हा तीन रात्री यंत्रापाशी उभा राहिला. तिसऱ्या रात्री एका वयस्क कामगाराने सांगितले की पाळी बदलताना भाग पकडण्याचा साचा सैल राहतो; हे त्याला महिनाभर ठाऊक होते, पण त्याला कोणी विचारलेच नव्हते. तरुणाने साचा तपासण्याची पद्धत बदलली आणि अहवालात त्या कामगाराचे नाव घातले. ते नाव काढून टाकावे असे त्याला सुचविण्यात आले. त्याने काढले नाही.

‘हे का लिहिले नाहीत?’ ‘कारण शोध माझा नव्हता,’ तो म्हणाला. त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला, परंतु अनुमान चुकीचे होते. शोध कामगाराचा, त्याला विचारणे, ऐकणे, नाव राखणे हे याचे. निबंध वाचणाऱ्यास नेमके हेच हवे असते. शिवाय पुढला प्रश्न, म्हणजे हे शिक्षण कशासाठी, त्याचेही उत्तर यातूनच निघाले : कामगारांजवळचे ज्ञान कारखान्याच्या निर्णयांत कसे आणावे, हे त्याला शिकावयाचे होते. नाही तर ‘जागतिक दृष्टी लाभावी’ असे लिहून तो मोकळा झाला असता, आणि ते वाक्य कोणत्याही विद्यापीठाच्या नावापुढे चालले असते.

पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. पैसे देऊन निबंध लिहवून घेणे, अथवा हल्ली संगणकाकडून तो उतरवून घेणे, याला काही घरांत व्यवहारचातुर्य समजतात. आम्ही त्याला लबाडी म्हणतो. ती महागही पडते. हार्वर्डमध्ये मुलाखत घेणारा संपूर्ण अर्ज वाचून समोर बसतो; दुसऱ्याने लिहिलेल्या प्रसंगातील तिसरा प्रश्न आला की उसने शब्द साथ सोडतात. शिफारसपत्रही स्वतःच लिहून साहेबांची सही घेण्याची चाल सोडावी. दोन्ही कागदांची भाषा एकच निघाली तर मुलाच्या खऱ्या गुणांविषयीही शंका येते. वडिलांनी मसुदा जरूर वाचावा, मात्र लेखणी हाती घेऊ नये. ‘यात तू कुठे आहेस?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

ज्यांना पुढील हंगामात अर्ज करावयाचा आहे त्यांनी मुदतीच्या निदान तीन महिने आधी शिक्षण समितीकडे यावे. येताना तयार निबंध नको. कामावर घडलेले पाच प्रसंग, प्रत्येकी अर्ध्या पानात, तारखा व आकडे यांसह लिहून आणावे. इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर ते मराठीत लिहावे. समितीतील मंडळी ते वाचतील, प्रश्न विचारतील. भाषांतराचे काम त्यानंतरचे.