बँकेचा माणूस घर पाहायला येतो
(फर्दापूर येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



पूर्वी घरासाठी पैसा लागला की माणूस सावकाराकडे जाई. सावकार घर पाहत नसे. तो दागिना पाही, नाही तर शेत पाही. आता बँक घरासाठी कर्ज देते. पण पैसे देण्याआधी ती आपला माणूस घर पाहायला पाठवते.

तो येणार असे कळले की घरात धांदल उडते. चुना कालवा, ओसरी सारवा, फुटका हंडा आत लपवा, नव्या चादरी काढा! मंडळी, ही काही सोयरीक नव्हे. तो मुलगी पाहायला येत नाही. घर स्वच्छ ठेवावे, ते चांगलेच. पण त्याची तयारी निराळी आहे. ती आज आम्ही सांगतो.

तो टेप घेऊन लांबी-रुंदी मोजतो. चारी बाजूंना काय आहे ते लिहितो. भिंत मातीची की विटांची, वर माळवद, पत्रे की स्लॅब, बांधून किती वर्षे झाली, घरापर्यंत वाट आहे का, हे सारे पाहतो. फोटो काढतो. त्यावरून घराची किंमत ठरते, आणि किमतीवरून कर्ज ठरते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या शेकडा ९० पेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे किंमत १० लाख ठरली, तर कर्ज फार तर ९ लाख. बाकीचा पैसा आपला आपणच उभा करायचा.

आता भिंतीचे पाहू. आपल्या गावावरून माणसे अजिंठ्याची लेणी पाहायला जातात. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढली आहेत. जिथे पाणी मुरले, तिथे गिलावा सुटला आणि चित्रही गेले. मग आपल्या चुन्याची काय कथा? ओल आली असेल तर रंग देऊ नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा. पन्हळ फुटली असेल तर ती बदला. माळवद गळत असेल तर माती घाला, उतार नीट करा. भिंतीला तडा गेला असेल तर गवंड्याला दाखवा. तड्यापुढे कपाट सरकवून काय होणार? हप्ते पंधरा-वीस वर्षे आपणच भरायचे आहेत, आणि त्या भिंतीखाली आपलीच लेकरे निजायची आहेत.

आणखी एक. बँक पाहते ती आपल्या पैशासाठी. तिने घर पसंत केले, म्हणजे घर भक्कम आहे असे नव्हे. विकतचे घर घेताना आपला गवंडी आपण न्यावा.

घरापेक्षा मोठी तयारी कागदाची. कर्जे पुष्कळदा तिथेच अडतात. कोणी म्हणतो, "गुरुजी, माझ्याकडं नमुना आठ आहे की!" ग्रामपंचायतीचा नमुना ८ कराचा आहे. घरपट्टी कोणाच्या नावे आहे, ते तो सांगतो. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळते. १८ जानेवारी २०२५ या एका दिवशी देशात ६५ लाखांहून अधिक पत्रके वाटली गेली. आपले पत्रक निघाले का, याची चौकशी सोयगावच्या भूमी अभिलेख कार्यालयात करा. घर शेतजमिनीवर असेल, तर जमीन अकृषिक झाली आहे का, तेही पाहा.

कागद हातात आला की तीन गोष्टी स्वतः वाचा. नाव, माप आणि चतुःसीमा.

नाव अजून आजोबांचे असेल, तर बँक आजोबांना कोठून आणणार? आधी वारसांची नोंद करा. त्यात भावांची नावे घालता, तशी बहिणींचीही घाला. २००५ साली हिंदू वारसा कायदा दुरुस्त झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. मुसलमान कुटुंबातही मुलीचा हिस्सा असतोच. बहीण राजीखुशीने हक्क सोडणार असेल, तर तसा दस्त नोंदवावा. दिवाळीला आलेल्या बहिणीला भीड घालून, न वाचता सही करायला लावू नये. उद्या बँकेचा वकील तोच प्रश्न विचारील, आणि परवा भाचे विचारतील.

माप घरातल्या घरात मोजा. कागदावर वीस फूट आणि ओटा धरून चोवीस भरले, तर वरचे चार फूट गल्लीचे आहेत. त्यांची किंमत बँक धरणार नाही. माणूस आल्यावर ते लपवू नका.

त्या दिवशी घरमालकाने घरी राहावे. सगळ्या खोल्या उघडून दाखवाव्यात. खरेदीखत, पत्रक, घरपट्टीची पावती, विजेचे बिल एका पिशवीत ठेवावे. पाण्याचा तांब्या द्यावा, चहा द्यावा. हातात पैसे देऊ नयेत. फी असेल ती बँकेत भरावी आणि पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये, अंगठाही देऊ नये.

घर गहाण टाकणे लहान गोष्ट नाही. हप्ता ९० दिवस थकला, तर कर्ज थकीत खात्यात जाते. मग २००२ च्या कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घर ताब्यात घेऊ शकते. म्हणून झेपेल तेवढेच कर्ज काढा. आणि सगळे फिटले, की ३० दिवसांत मूळ कागद परत मागा. १ डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. बँकेकडून उशीर झाला, तर तिला दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आपल्या घराचा कागद बँकेच्या माणसाने वाचण्याआधी तुम्ही वाचा. आज घरी गेलात की पेटी उघडा, आणि पहिल्यांदा नाव कोणाचे आहे ते पाहा.