कामापर्यंतची वाट

 

अडलेल्याला मदत करायची म्हटली, की आपला हात आधी धान्याच्या कणगीकडे जातो. ते चांगलंच आहे. पण पायलीभर ज्वारी पुरणार किती दिवस? ती सरली, की पुन्हा दुसऱ्याच्या दाराशी उभं राहणं आलं. म्हणून आपल्या महाराष्ट्राने एक निराळा विचार केला. वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात एक प्रयोग झाला. मागेल त्याला काम आणि कामाचं दाम, असा तो विचार. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं दुष्काळी कामांवर जगली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. मेहेरबानी नव्हे, हक्क! 2005 साली साऱ्या देशासाठी जो कायदा झाला, त्याच्याआधी ही वाट आपण चालून पाहिली होती.

पण मंडळी, काम निघालं म्हणजे माणूस कामावर पोचलाच, असं समजू नका. घराचा उंबरठा आणि कामाची जागा ह्यांच्यामध्ये बारीक बारीक अडचणींचा एक ओढा असतो. तो ओलांडायला कुणीतरी हात द्यावा लागतो.

मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. 1986 चा उन्हाळा होता. शाळेपासून जवळच पाझर तलावाचं काम चाललं होतं. गावातली एक विधवा बाई तीन दिवस आली, चौथ्या दिवशी दिसेना. मुकादम म्हणाला, "गुरुजी, हिला फुकटची सवय लागलीय. अंग मोडायला नको." मला ते पटेना. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. धाकटा पोरगा तापाने फणफणला होता. त्याच्यापाशी थोरली मुलगी बसलेली. अन् तीच माझ्या वर्गातून आठवडाभर गैरहजर! बाई म्हणाली, "गुरुजी, पोराला उन्हात निजवू, का पोरीची शाळा मोडू? तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? खरं म्हणजे उत्तर नियमात होतंच. कामाच्या जागी प्यायला पाणी, विसाव्याला सावली, औषधाची पेटी आणि लहान मुलांची सोय असली पाहिजे, असं ठरलेलं होतं. नियम कागदावर होता, सावली मात्र कुठे नव्हती. आम्ही दोघा-चौघांनी अर्ज केला, चार खेटे घातले. शेवटी लिंबाखाली ताडपत्री बांधली गेली, झोळ्या टांगल्या गेल्या. जिच्याच्याने कुदळ उचलवत नव्हती अशा एका म्हातारीला पोरं सांभाळायला ठेवलं आणि तिचीही हजेरी लागू लागली. पोराचा ताप उतरल्यावर ती बाई कामावर परतली. मुलगी शाळेत आली. ताडपत्रीच्या एका तुकड्याने तीन माणसं मार्गी लागली!

पण गोष्ट इथे संपत नाही. खडी फोडून पोट भरतं, तरी रोज दुसऱ्याच्या हजेरीपटावरच जगावं लागतं. 1990 साली रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे खणायचे, कलमं लावायची आणि त्याची मजुरी हमीतून मिळायची. ह्या बाईचं दोन एकर माळरान पडीक होतं. बोराची कलमं लागली असती. पण सात-बाऱ्यावर अजून नवऱ्याचंच नाव! तो जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी वारसनोंद कुणी केली नव्हती. बाईला वाचता येत नव्हतं आणि आम्हा शिकलेल्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिचा दोष एवढाच, की तिला ठाऊक नव्हतं. आमचा दोष मोठा. आम्हांला ठाऊक होतं.

अर्ज मी लिहिला, तलाठ्याकडे तिच्याबरोबर गेलो. नोंद व्हायला पाच महिने लागले. पुढे कलमं लागली. काही जळाली, बरीचशी जगली. पहिल्या बोरांची ओंजळ घेऊन ती शाळेत आली, तेव्हा म्हणाली, "गुरुजी, ही विकत नाही. ही माझ्या रानातली."

म्हणून शिक्षकांनो, आपल्या वर्गातलं एखादं मूल येईनासं झालं, तर नाव काढण्याआधी त्याच्या घरी जा. आणि मंडळी, शेजारची एखादी बाई कामाला जात नसेल, तर आळशी म्हणण्याआधी तिला दोन गोष्टी विचारा. पोराला कोण सांभाळतं? आणि कागद कुणाच्या नावावर आहे? उत्तर मिळालं, की तिच्याबरोबर चार पावलं चला. पुढचं ती चालेल.

राम राम.