मूल बोलले, पुढे काय?

(मंडळाच्या महिला शाखेतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे घर एकत्र येते ते इथेच. आपल्या मराठी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे, त्याचा आधारही मोठा आहे. मात्र एखाद्या मुलाने ‘त्या काकांनी असे केले’ म्हटले, की तोच घरोबा तोंडावर हात ठेवतो. आणि मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.

‘पोलिसांत गेलो तर पोराचेच हाल होतील’, हे आम्ही पुष्कळदा ऐकतो. म्हणून पुढे काय होते, ते नीट समजून घेऊ.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो संरक्षण देतो. १०९८ वर फोन करावा किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा असतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि साध्या कपड्यांत. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, तीही आई-वडील किंवा विश्वासातले माणूस जवळ असताना.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. आरोपी त्याच घरात राहत असेल, तर मुलाला तिथून हलवायचे का, हे समिती ३ दिवसांत ठरवते. मुलाचे म्हणणेही विचारात घेते. तपासात आणि खटल्यात सोबतीला ती एक ‘सपोर्ट पर्सन’ देऊ शकते. न्यायालयात मुलाला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था असते. वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. मुलाचे नाव छापायला बंदी आहे.

हे सगळे प्रत्यक्षात दर वेळी होतेच, असे आम्ही म्हणणार नाही. खटला शक्यतो वर्षात संपावा असे कायदा सांगतो, तरी अनेक खटले रेंगाळतात. म्हणून तर आपली गरज आहे. तारखेला त्या आईबरोबर जाणे, धाकट्या भावंडाला आपल्या घरी ठेवून घेणे, हेही मोठे काम आहे.

‘घरातल्या घरात मिटवू’ हा मार्ग कायद्याने बंद केला आहे. माहीत असून न कळवणे हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे.

मूल बोलले, तर त्याला खोदून खोदून विचारू नका, चार नातेवाइकांपुढे पुन्हा सांगायला लावू नका. एवढेच म्हणा, ‘सांगितलेस ते बरे केलेस. तुझी काही चूक नाही.’ आणि मग फोन उचला.

घराण्याची अब्रू मुलाच्या गप्प राहण्यावर टिकत नाही. ज्या घरात मूल निर्धास्तपणे बोलू शकते, त्या घराची अब्रू शाबूत आहे, असे आम्ही मानतो.

गणपती बाप्पा मोरया!