मनाचे मापन

मनाचा विषाद मोजण्यासाठी मानसशास्त्राने प्रश्नावली सिद्ध केल्या आहेत. ‘पीएचक्यू-९’ ही त्यांपैकी एक. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह इत्यादींविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकास शून्य ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० वा अधिक भरल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करवावी, असा संकेत आहे.

धाराशिव जिल्ह्यात ह्या विषयाशी जीवनमरणाचा संबंध आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ साली शासनाने येथे व यवतमाळ जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान आरंभिले. त्याच सुमारास प्रेरणा प्रकल्पाद्वारे आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन खचलेल्या मनांचा शोध घेऊ लागल्या.

परंतु ओसरीवर, चारचौघांदेखत “आपण उदास असता काय?” असे पुसल्यास कोणता कर्ता पुरुष होकार देईल? तोच प्रश्न, अर्थ न बदलता, एकांतात घरच्या भाषेत विचारावा: “मन खचल्यासारखं वाटतं का?” मग बोलणे निघते.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयीचा आहे. बेरीज अल्प असली, तरी ह्या प्रश्नास होकार आल्यास त्या माणसास एकटे सोडू नये. त्वरित वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावे. प्रश्नावली ही चाळणी आहे. निदान वैद्याने करावयाचे. परंतु उत्तर ऐकून घेण्याचे काम आपणां सर्वांचे आहे.