घरच्या साठ्याचा संगणक



आपल्या पांढरकवड्याच्या व्याख्यानमालेत इतिहास होतो, संतसाहित्य होतं, कापसाच्या भावावर तर दर वर्षी होतंच. अशा ठिकाणी संगणकाचे सुटे भाग कसे निवडावेत यावर बोलायला लावणं हे आयोजकांचं धाडसच म्हणायचं. पण विषय तितका परका नाही. १ जून २०२१ पासून गूगलने फोटो अमर्याद फुकट ठेवण्याची सोय बंद केली. आता १५ जीबी भरले की पैसे भरा, नाहीतर पुसा. लोक पुसतात. आधी शुभप्रभातच्या चित्रांवर हात पडतो, मग नाइलाजाने आजीच्या पंच्याहत्तरीच्या व्हिडिओवर.

यावर एक उपाय असा की घरातच एक छोटा डबा ठेवायचा. त्यात दोन हार्डडिस्क, मागे एक वायर, ती वायफायच्या राउटरला. घरातल्या सगळ्यांचे फोन घरी आले की त्यांतले फोटो आपोआप त्या डब्यात उतरतात. बाजारात याला नॅस म्हणतात. तयार मिळतो, आणि सुटे भाग आणून जोडताही येतो. मी जोडण्याच्या बाजूचा आहे. तयार डब्याचा मालक शेवटी कंपनीच असते. २०२५ मध्ये सिनॉलॉजीने आपल्या काही नव्या डब्यांत दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्क चालवण्यावर बंधनं घातली आणि गिऱ्हाइकांची नाराजी बघून त्याच वर्षी ऑक्टोबरात बरीच मागे घेतली. घेतली मागे, ठीक आहे. पण घालता आली होती, हे विसरू नये.

माझं आजचं म्हणणं थोडकं आहे. भाग निवडायचे ते आपल्या घराकडे बघून. इंग्रजीत या विषयावर सल्ल्यांचा महापूर आहे, पण ते सल्ले देणारे वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसलेले असतात आणि त्यांची लाइन जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारी लाइन जाते, आणि रात्री सगळं घर एकाच कूलरसमोर झोपतं. त्याच खोलीत राउटर असतो, म्हणून डबाही तिथेच येतो. तो घरघरला तर रात्री कोणीतरी उठून बटण दाबणार आणि सकाळी सुरू करायचं राहून जाणार. असे चार दिवस गेले की कुटुंबाचा साठा बंद पडला म्हणून समजा. म्हणून शांतपणाला मी चैन मानत नाही. डबा वर्षभर चालू राहील की नाही ते त्यावरच ठरतं.

सुरुवात डिस्कपासून करा. दुकानदार प्रोसेसरपासून करील, त्याला करू द्या. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्डडिस्क बाजारात आणली. २४ इंचांच्या ५० तबकड्या, वजन जवळजवळ एक टन, आणि मावत होती ५० लाख अक्षरं. आजच्या फोनमधला एखादाच फोटो त्यात बसला असता. आता ४ एमबीचा एक फोटो धरला तर १ टीबीत अडीच लाख फोटो राहतात. एवढे फोटो कुठलंही घर काढत नाही. जागा खातो तो व्हिडिओ. फोरके चित्रणाला मिनिटाला साडेतीनशे एमबी लागले तर तीन तासांच्या लग्नाचे ६०-६५ जीबी होतात. तरीही साध्या घराला ४ टीबी पुष्कळ झाले. तेवढ्या क्षमतेच्या दोन डिस्क घ्यायच्या आणि दोन्हींवर तोच मजकूर ठेवायचा. एक गेली तर दुसरीवर काम चालू राहतं.

घेताना एक गोष्ट विचारा: सीएमआर की एसएमआर? डिस्कवर मजकूर ज्या रेघांत लिहिला जातो त्या रेघा म्हणजे माग. सीएमआरमध्ये ते सुटे असतात; एसएमआर पद्धतीत जागा वाचवायला ते एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. त्यामुळे एक माग बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या थोड्याशा लिहिण्यात हे कळत नाही. एक डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवायला घेतलं की मग कळतं. काम रखडतं, कधी अर्ध्यात सुटतं. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि गिऱ्हाइकाला तसं सांगितलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. तेव्हा खोक्यावर ‘नॅस’ छापलंय यावर जाऊ नका. मॉडेल नंबर फोनवर शोधा, मग पैसे द्या.

दुसरा प्रश्न फेऱ्यांचा. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क ७२०० वालीपेक्षा शांत चालते आणि कमी तापते. वायफायवरून फोटो उतरवायला ती पुरून उरते. फार मोठ्या क्षमतेच्या डिस्क टाळा. त्यांतल्या काही रिकाम्या बसल्या असतानाही दर पाच सेकंदांनी एक टोला देतात. ती बिघाडाची खूण नाही, पण रात्री दोन वाजता हे कोणाला समजावणार?

मग एसएसडीच का नको, असं तरुण मंडळी विचारतील. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाज शून्य. पैसे असतील तर डब्यात जरूर घाला, मात्र २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव वर चढले आहेत. आणि एसएसडी कपाटात ठेवून विसरायची वस्तू नव्हे. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष मजकूर धरून ठेवावा, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. तापमान वाढलं की ही मुदत घटते. नवी एसएसडी बराच जास्त काळ टिकेल, पण पांढरकवड्याच्या कपाटात ३० अंश वर्षातले किती महिने असतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता उष्णता. २००७ मध्ये गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. तापमान वाढलं की डिस्क मरते हा सरळ हिशोब त्यात दिसला नाही. फार गरम आणि जुन्या डिस्कमध्येच उष्णतेचा फटका उठून दिसला. ठळक इशारा दुसरीकडून आला: तपासणीत पहिली वाचनचूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता ३९ पट होती. म्हणून डब्याला दर महिन्याला डिस्क तपासायला लावा आणि पहिली चूक दिसली की डिस्क बदला. ‘अजून चालतेय की’ म्हणू नका. मात्र गूगलच्या त्या डिस्क देखभालीतल्या केंद्रांत होत्या. आपली खोलीच ४० अंशांवर असेल तर आतली डिस्क ५० च्या पुढे जाते. साधारण ६० ते ६५ अंशांना कंपनी हात वर करते. मधे अंतर फार राहत नाही.

म्हणून बिनपंख्याचा डबा आपल्याकडे नको. दिसतो देखणा, एसीच्या खोलीत चालतोही. इथे पंखा हवाच, आणि तो मोठा हवा. छताचा पंखा सावकाश फिरून अख्खी खोली थंड ठेवतो आणि टेबलावरचा छोटा भणभणतो. डब्यातही तेच चालतं. पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे १४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर ठेवला तर डिस्क थंड राहतात आणि कूलरच्या खोलीत तो ऐकूही येत नाही. ४० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा ढकलायला किंचाळतो. त्यामुळे डबा निवडताना तो किती छोटा आहे यापेक्षा त्यात केवढा पंखा बसतो ते बघा. चार बोटं मोठा झाला तरी चालेल.

पंख्यासमोर धुता येईल अशी जाळी बसवा. आपल्या गावाला हे सांगावं लागू नये. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत रुईचे तंतू फिरतात आणि ते प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर नमदा धरतात. दिवाळीला आणि होळीला जाळी झटकली तरी पुरे.

डिस्क पत्र्याला थेट स्क्रूने आवळू नका, मधे रबराचे वॉशर घाला. आवाजातला मोठा हिस्सा हवेतून येत नाही, पत्रा थरथरतो म्हणून येतो. त्याच कारणाने डबा लोखंडी कपाटावर ठेवू नका. कूलरच्या झोतात ठेवू नका, तिथे ओल असते. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. भिंतीला टेकलेलं लाकडी किंवा दगडी फडताळ उत्तम.

प्रोसेसरवर मी वेळ घालवणार नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० घ्या: चार कोअर, ६ वॉटचा. फोटो आणि व्हिडिओ देण्याघेण्याला हा भरपूर आहे. रॅम ८ जीबी पुरते. बोर्डावर डिस्क थेट जोडायला साटाचे दोन खरे जोड असावेत. यूएसबीच्या डब्यांत डिस्क घालून साठा उभा करू नका, ते जोड अवचित सुटतात. कुणाच्या कचेरीतून निघालेला सात-आठ वर्षांचा चांगला डेस्कटॉप मिळाला तर तोही चालेल. विकत घ्यायचं तर आपला रस्ता सोयीचा आहे: वर नागपूर, खाली सिकंदराबादचं चेनॉय ट्रेड सेंटर.

साध्या भागांत कमीपणा मानू नका. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यातल्या चिप कोणी गुपचूप घडवलेल्या नव्हत्या. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे, कोणालाही विकत मिळणारे ट्रान्सप्युटर होते ते. मोल होतं ते जोडणीला. आणि ती जोडणी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली ते विजय भटकर आपल्याकडच्याच अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

आता विजेकडे येतो. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचा प्रत्येक वॉट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. २५ वॉटचा डबा वर्षाला २१९ युनिट घेईल, ७० वॉटचा जुना खटारा सहाशेच्या वर जाईल. फुकट मिळालेला संगणक त्यामुळे नेहमी फुकट पडत नाही. उलट पॉवर सप्लाय नको तितका बारीकही घेऊ नका. साडेतीन इंची डिस्क चालू असताना पाच-सहा वॉट घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी वीस-पंचवीस मागते. दोन डिस्क एकदम उठल्या की पन्नास. मरतुकडा अडॅप्टर त्याच क्षणी मान टाकतो आणि दोष डिस्कच्या माथी बसतो.

बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आहे. लोकांना वाटतं झालं काम. थोडं थांबा. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला साध्या मोडमध्ये साधारण ३०-४० मिलिसेकंद घेतो. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदच दम धरेल अशी रचना असते. पंखा आणि दिवा हे अंतर सहज ओलांडतात, संगणक कधी ओलांडतो, कधी नाही. अनेक इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं, ते आज घरी जाऊन बघा. त्या मोडमध्ये बदल साधारण १०-१५ मिलिसेकंदांत होतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरींवर नव्या पद्धतीचे पॉवर सप्लाय कुरकुरतात. त्याहून चांगलं म्हणजे डब्यासाठी वेगळा छोटा यूपीएस, यूएसबीच्या वायरीचा. बॅटरी संपत आली की तो डब्याला कळवतो आणि डबा लिहिणं थांबवून स्वतः नीट बंद होतो. यूपीएसची बॅटरी मात्र उन्हाळ्याला डिस्कपेक्षा जास्त घाबरते. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर आठ-दहा अंशांमागे जवळजवळ निम्मं होतं, त्यामुळे तिचा खर्च दर दोन-तीन वर्षांनी धरून चाला. आणि अर्थिंग. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस, दोन्ही चांगले. डबा इंटरनेटच्या रस्त्यावर उघडा ठेवू नका, एवढंच बजावतो. बाहेरून फोटो बघण्याच्या हौसेपायी उघडे ठेवलेले हजारो डबे २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने कुलूपबंद केले.

दोन डिस्कवर तोच मजकूर असला की माणूस निर्धास्त होतो. तसं होऊ नये. नातवाने चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. वीज पडली तर दोन्ही जळतात, चोर आला तर डबा उचलून नेतो. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि आपल्या चित्रपटांच्या पहिल्या पिढीतल्या मूळ फिल्म गेल्या. ज्यांच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट आजही बघता येतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने याचा सोपा नियम लोकांच्या तोंडी बसवला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी.

तेव्हा माझी विनंती अशी. भागांची यादी करताना डबा आणि प्रोसेसर यांच्या आधी तिसऱ्या डिस्कचे पैसे बाजूला काढा. साधी, फिरणारी, यूएसबीची बाहेरची डिस्क. तिच्यावर सगळं उतरवा, कुलूपशब्द लावा आणि भाऊबीजेला बहिणीकडे जाल तेव्हा वणीला, यवतमाळला, आदिलाबादला, ती जिथे असेल तिथे ठेवून या. तिच्या घरची डिस्क तुमच्याकडे आणा. अक्षय तृतीयेला पुन्हा ताजी करा. बजेट बसत नसेल तर डबा पुढच्या वर्षी घ्या, पण ती डिस्क याच आठवड्यात घ्या.