रंगीत मेंदूमागची आकडेमोड

एफएमआरआय या तंत्राने मिळणारे मेंदूचे चित्र हे छायाचित्र नव्हे. करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके उमटले आहेत, असे चित्र कोणत्याही स्कॅनरमधून थेट बाहेर पडत नाही. स्कॅनर देतो ते निव्वळ आकडे. माणूस यंत्रात दहा मिनिटे पडून राहिला आणि दर दोन सेकंदांनी त्याच्या मेंदूची एक पूर्ण प्रतिमा घेतली, तर अशा 300 प्रतिमा जमतात. एका प्रतिमेत 64 उभे, 64 आडवे आणि 36 थर अशा रचनेत सुमारे तीन-तीन मिलिमीटरचे ठोकळे असतात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. म्हणजे एका प्रतिमेत 1,47,456 आकडे आणि दहा मिनिटांत सव्वाचार कोटींहून अधिक. त्यांतले बरेचसे कवटीबाहेरच्या हवेचे असतात, ही गोष्ट वेगळी. या ढिगाऱ्यातून एक लाल ठिपका निघेपर्यंत मध्ये डझनभर निर्णय घेतले जातात. त्यांतले काही संशोधक घेतो आणि बरेचसे सॉफ्टवेअर त्याच्या वतीने परस्पर घेऊन टाकते.

मुळात हे आकडे मज्जापेशींचे नसतात, रक्ताचे असतात. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करते, ऑक्सिजनने भरलेले करत नाही. हा फरक लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्येच दाखवला होता. त्याचा उपयोग करून जिवंत मेंदूतला रक्तातला ऑक्सिजन एमआरआयवर पाहता येतो, हे सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये बेल प्रयोगशाळेत प्राण्यांवर दाखवले आणि 1992 मध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त धावते आणि संकेत वाढतो. पण वाढून वाढून किती? एखाद-दोन टक्के, फार तर थोडा अधिक. पेशींचे काम मिलिसेकंदांत उरकते. रक्ताची लाट मात्र पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचते आणि ओसरायला आणखी दहा-पंधरा सेकंद घेते. श्वास, हृदयाचे ठोके, यंत्राचा स्वतःचा संथ चढउतार आणि डोक्याची हालचाल यांचा गोंगाट मूळ संकेताच्या तोडीस तोड, पुष्कळदा त्याहून मोठा असतो. सॉफ्टवेअरचे अर्धे आयुष्य हा गोंगाट निपटण्यात जाते.

असे सॉफ्टवेअर एफएमआरआयच्या जरा आधीच जन्माला आले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कार्ल फ्रिस्टन यांनी पेट स्कॅनसाठी आज्ञावली लिहिली आणि 1991 च्या सुमारास ती इतरांनाही वापरायला दिली. तीच एसपीएम. पुढे तिचा मुक्काम युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये हलला. 1994 मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट कॉक्स यांनी ॲफनी लिहायला घेतले. काही वर्षांनी कॉक्स बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले, तेव्हा ॲफनीही त्यांच्यासोबत गेले. ऑक्सफर्डच्या गटाने 2000 मध्ये एफएसएल बाहेर काढले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातून आलेल्या फ्रीसर्फरची वाट निराळी: मेंदूची बाहेरची घडीदार साल संगणकात उलगडून ती पृष्ठभाग म्हणून मोजायची. ब्रेनव्हॉयेजर हे विकत घ्यावे लागते. बाकीची संशोधनासाठी विनामूल्य मिळतात, मात्र एसपीएम ज्या मॅटलॅबवर चालते त्या मॅटलॅबचा परवाना फुकट नाही. कोणत्या प्रयोगशाळेत कोणते सॉफ्टवेअर चालते, हे बहुधा मार्गदर्शक कुठे शिकला यावर ठरते. गुणदोषांची तुलना करून निवड झाल्याची उदाहरणे कमीच.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी सुरुवातीची कामे ढोबळमानाने सारखीच असतात. पहिले काम डोके सरळ करण्याचे. यंत्रात पडलेला माणूस गिळतो, खोकतो, कंटाळतो. डोके एका मिलिमीटरने सरकले तरी मेंदूच्या कडेचा व्हॉक्सेल शेजारच्या पाण्यात जातो आणि तिथला आकडा एकदम बदलतो. हा बदल रक्ताच्या संकेतापेक्षा किती तरी मोठा असू शकतो. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिमा एका संदर्भ प्रतिमेवर बसवून पाहते आणि सहा आकडे काढते: तीन दिशांना किती सरकले आणि तीन अक्षांभोवती किती फिरले. या सहा आकड्यांचा आलेख अनुभवी माणूस सगळ्यात आधी उघडून बघतो. रेघ सपाट असेल तर पुढे जायचे, मध्येच उडी दिसली तर तो स्कॅन ठेवायचा की टाकायचा याचा विचार करायचा.

त्याहून साधी आणि त्याहून घातक गोष्ट डाव्या-उजव्याची. क्ष-किरणतज्ज्ञ रुग्णाकडे पायाच्या बाजूने पाहतात, त्यामुळे त्यांच्या चित्रात रुग्णाची उजवी बाजू डावीकडे येते. मेंदू-संशोधकांच्या चित्रात पुष्कळदा उजवी उजवीकडेच असते. जुन्या फायलींमध्ये कोणती पद्धत वापरली आहे याची खात्रीलायक नोंदच नसे. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाइल नेली की मेंदू आरशातल्यासारखा उलटा होण्याची भीती असायची, आणि मेंदू दोन्ही बाजूंना इतका सारखा दिसतो की ही उलथापालथ नजरेने ओळखणे अवघड. यावर एक घरगुती तोडगा निघाला. माणसाच्या उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवायची. आत तेल असल्याने ती एमआरआयमध्ये ठळक पांढरी दिसते आणि उजवी बाजू कोणती याबद्दल वाद उरत नाही. पुढे निफ्टी नावाचे सामाईक स्वरूप आले, त्यात दिशेची नोंद फाइलच्या मथळ्यातच लिहिली जाऊ लागली आणि हा घोळ बराच आटोक्यात आला. कॅप्सूल चिकटवणारे तरीही आहेत.

यानंतर प्रत्येकाचा मेंदू ओढून-ताणून एका सामाईक साच्यात बसवतात, नाही तर वीस जणांची सरासरी काढणार कशी? हा साचा दीर्घकाळ तालैराख आणि तुर्नू यांच्या 1988 च्या नकाशाचा होता, आणि तो नकाशा साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या मेंदूवर बेतलेला होता. जगभरच्या प्रयोगांचे पत्ते त्या एका मेंदूच्या मापाने लिहिले गेले. नंतर माँट्रियलच्या संस्थेने 152 तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढून साचा बनवला आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर त्याच घराण्यातला साचा वापरतात. लोकसमूहागणिक मेंदूच्या लांबी-रुंदीत थोडा फरक पडतो, म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये 100 भारतीय तरुणांच्या स्कॅनवरून वेगळा नकाशा तयार करण्यात आला. शेवटी प्रतिमा थोडी पुसट करतात, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये शेजाऱ्यांचा अंश मिसळतात. सहा-आठ मिलिमीटर हे त्याचे नेहमीचे माप. त्याने गोंगाट कमी होतो, बारकावाही कमी होतो.

मग येते खरी आकडेमोड. समजा, माणसाला वीस सेकंद बोटे हलवायला आणि वीस सेकंद स्वस्थ राहायला सांगितले. हे वेळापत्रक सॉफ्टवेअर घेते, त्यात रक्ताच्या संथ लाटेचा आकार मिसळते आणि अपेक्षित आलेख तयार करते. प्रत्येक व्हॉक्सेलचा प्रत्यक्ष आलेख त्या अपेक्षित आलेखाशी किती जुळतो, हे एका साध्या रेषीय समीकरणाने मोजले जाते. जुळणी गोंगाटाच्या मानाने किती भक्कम आहे याचा एक आकडा निघतो. तो ठरावीक उंबरठ्याच्या वर असला की व्हॉक्सेल रंगवायचा, खाली असला की करडा ठेवायचा. चित्रातला लाल-पिवळा रंग म्हणजे हा आकडा. मेंदूत काहीही पेटत नाही आणि न रंगवलेला भाग झोपलेलाही नसतो. बातम्यांत हे दोन्ही गैरसमज नित्यनेमाने छापले जातात.

सगळी मेख त्या उंबरठ्यात आहे. संख्याशास्त्रात शंभरात पाच चुका चालवून घेण्याची रीत आहे. एक लाख व्हॉक्सेलना हीच सवलत दिली, तर काहीही घडत नसताना पाच हजार व्हॉक्सेल रंगून निघतील. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2009 मध्ये कायमचे लक्षात राहील अशा रीतीने दाखवले. त्यांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि चित्रातल्या माणसाच्या मनात कोणती भावना आहे, असे रीतसर विचारले. एकाच वेळी इतके व्हॉक्सेल तपासल्याबद्दलची दुरुस्ती न करता विश्लेषण केल्यावर माशाच्या मेंदूत चक्क रंगीत ठिपका आला. दुरुस्ती केल्यावर तो गेला. या कामाला 2012 मध्ये इग नोबेल मिळाले आणि विनोद बाजूला ठेवला तर आकडेवारीचा इतका चांगला धडा पाठ्यपुस्तकांतही विरळा.

दुरुस्ती हवी हे मान्य झाले, तरी ती कशी करायची हा प्रश्न उरतोच. प्रत्येक व्हॉक्सेलवर कडक उंबरठा लावला तर खरे परिणामही बुडतात. म्हणून एक मधला मार्ग रूढ झाला: आधी सैल उंबरठा लावायचा आणि मग एकमेकांना चिकटलेल्या रंगीत व्हॉक्सेलचा पुंजका किती मोठा आहे ते बघायचे. मोठा पुंजका निव्वळ योगायोगाने तयार होण्याची शक्यता कमी, असा तर्क. ही शक्यता मोजण्याचे गणित मॅकगिल विद्यापीठातल्या कीथ वोर्स्ली यांच्या कामातून आले आणि सॉफ्टवेअरमध्ये मुरले.

2016 मध्ये आंदेर्स एकलुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी या गणिताची परीक्षा घेतली. त्यांची युक्ती सरळ होती. 499 निरोगी माणसांचे, कोणतेही काम न करता घेतलेले स्कॅन त्यांनी सार्वजनिक साठ्यातून घेतले, त्यातून यदृच्छेने गट पाडले आणि या गटांत फरक आहे का, असे एसपीएम, एफएसएल आणि ॲफनी या तिघांना पुन्हा पुन्हा विचारले. अशी विश्लेषणे तीस लाखांच्या घरात गेली. खरा फरक नव्हताच, म्हणून शंभरात पाचच वेळा ‘आहे’ असे उत्तर यायला हवे होते. पुंजक्यांच्या पद्धतीत काही मांडण्यांमध्ये ते सत्तर वेळांपर्यंत आले. शेजारच्या व्हॉक्सेलमधले साम्य अंतरानुसार झपाट्याने घटते असे गणिताने गृहीत धरले होते. प्रत्यक्ष मेंदूत ते बरेच दूरवर टिकते, त्यामुळे योगायोगानेही मोठे पुंजके बनतात. सुरुवातीचा उंबरठा सैल असला की घोळ जास्त, कडक असला की बराच कमी. शिवाय ॲफनीच्या एका उप-आज्ञावलीत पंधरा वर्षे एक चूक लपून बसली होती. ती 2015 मध्ये दुरुस्त झाली.

या निबंधाने गदारोळ उडाला. चाळीस हजार शोधनिबंध संशयाच्या भोवऱ्यात, अशा बातम्या आल्या. तो आकडा अतिरंजित होता. निकोल्स यांनीच नंतर हिशेब मांडून खरोखर अडचणीत येणारे निबंध साडेतीन हजारांच्या आसपास असावेत, असे सांगितले. ॲफनीच्या गटाने आपले गणित बदलले. आकड्यांवरच्या गटांच्या नावांची वारंवार अदलाबदल करून योगायोगाची मर्यादा त्याच आकड्यांतून काढणारी, संगणकाला राबवून घेणारी पद्धत अधिक विश्वासार्ह ठरली. ती आधीपासून माहीत होती, पण पूर्वीच्या संगणकांवर फार वेळ खात असे.

गणित निर्दोष असले तरी निवडीचा प्रश्न सुटत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुगारासारखे निर्णय घेणाऱ्या 108 जणांचे स्कॅन 70 गटांना देण्यात आले आणि नऊ ठरावीक विधाने खरी की खोटी, एवढेच विचारले. सत्तरांपैकी कोणत्याही दोन गटांनी हुबेहूब एकसारखे विश्लेषण केले नाही. एका विधानाला 84 टक्के गटांनी होकार दिला, तीन विधानांना जेमतेम सहा टक्क्यांनी. उरलेल्या पाच विधानांवर होकाराचे प्रमाण 21 ते 37 टक्क्यांच्या दरम्यान राहिले. गंमत अशी की, उंबरठा लावण्याआधीचे गटागटांचे नकाशे एकमेकांशी पुष्कळ जुळत होते. मतभेद झाला तो प्रामुख्याने ‘हो की नाही’ म्हणताना.

गेल्या दशकातली साधने या अनुभवातून आली. बिड्स या नावाने 2016 मध्ये फायली लावण्याची एक सामाईक शिस्त ठरली. स्टॅनफर्डमधून आलेल्या एफएमआरआय-प्रेप या सॉफ्टवेअरने पूर्वतयारीची सगळी कामे वेगवेगळ्या पोतड्यांतली चांगली अवजारे निवडून एका साखळीत बसवली. केलेल्या प्रत्येक पायरीचा अहवालही ते स्वतः लिहून देते. कच्चे स्कॅन ओपनन्यूरोसारख्या खुल्या भांडारात ठेवले जाऊ लागले. ज्या संशोधकाला स्कॅनरचा खर्च परवडत नाही, त्यालाही आता संगणक आणि चिकाटी यांच्या बळावर या क्षेत्रात काम करता येते. भारतातल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आतापर्यंतची चर्चा संशोधनाची झाली. रुग्णालयात पारडे उलटे होते. मेंदूतली गाठ काढण्यापूर्वी रुग्णाचे बोलण्याचे आणि हातपाय हलवण्याचे भाग कुठे आहेत, हे एफएमआरआयने पाहतात. संशोधनात खोटा ठिपका दिसणे ही मोठी चूक. शस्त्रक्रियेत खरा ठिपका न दिसणे ही त्याहून भयंकर, कारण करडा दिसलेला भाग कापला जाऊ शकतो. म्हणून तिथे एकच उंबरठा पुरत नाही, तो वर-खाली करून पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्यांचे वागणे बिघडलेले असेल तर पेशी काम करत असूनही संकेत येत नाही, आणि ही उणीव कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. भाषेच्या भागाला लागून गाठ असली, तर शल्यविशारद रुग्णाला शस्त्रक्रियेदरम्यान जागे ठेवतात, त्याला चित्रे दाखवून वस्तूंची नावे सांगायला लावतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य झटका देऊन तो कुठे अडखळतो ते तपासतात. नकाशा आणि ही तपासणी यांत फरक पडला, तर तपासणीचेच ऐकले जाते.