मजबूत काय : भरलेले की उरलेले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या दाताच्या दवाखान्यात एक वाक्य वरचेवर ऐकू येते, "बाई, सर्वांत मजबूत असेल तेच भरा, पुन्हा यायला नको!" आज या मजबुतीविषयीच चार शब्द सांगणार आहे.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण तो ठिसूळ. आतले डेन्टिन थोडे लवचीक, ते धक्का सोसते. ही जोडी कोणत्याही एका मसाल्याला पुरती साधलेली नाही.

आपण जिला 'चांदी' म्हणतो, तिच्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील व तांबे. ती दाबाला बळकट, पण थर पातळ झाला की मोडते. शिवाय ती दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. त्या खाचेसाठी चांगला दातही कोरावा लागतो. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २०१३ च्या मिनामाता करारापासून तिचा वापर कमी करण्याकडे जगाचा कल आहे.

दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट म्हणजे राळ आणि काचेची बारीक पूड. इनॅमलला आम्ल लावले की राळ घट्ट धरते, हे १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखविले. मात्र भरताना लाळ लागली तर ती पकड जाते. ग्लास आयोनोमर सिमेंट आपणहून चिकटते, फ्लोराइडही देते; पण चावण्याच्या जागी लवकर झिजते. झिर्कोनियाची टोपी या सर्वांहून मजबूत. पण तिच्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो.

मग खरे मजबूत काय? उरलेला दात! भिंती जाड असतील तर साधे भरणेही वर्षानुवर्षे टिकते. त्या पापुद्र्यासारख्या झाल्या, तर आत पोलाद घातले तरी सुपारीच्या एका खांडाने भिंतच फुटायची. अशा दाढेला टोपीनेच आवळून धरावे लागते. म्हणून "काय भरता?" याच्या आधी "दात किती उरला आहे?" असे विचारा.

आणि आपण बायका दवाखान्यात येतो सर्वांच्या शेवटी. लवंग दाबून महिने काढतो, तोवर भिंती पोखरल्या जातात. ठिपक्याएवढी कीड एका बैठकीत भरून निघते; ठणका लागेपर्यंत थांबले की मुळाचे काम, नाही तर दाढ काढणे.

घरातल्या सर्वांची पाळी झाल्यावर नव्हे, त्यांच्याबरोबरच आपलीही पाळी लावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.